हेद आणि हळदरवो

१४ जानेवारी १९६०, गुरुवार. संक्रांत.

आज उर्मिलानं तिळगूळ दिला आणि वर सांगितलं, "लवू, माझं ठरलं."

ठाकूरद्वारच्या नाक्यावर, इराण्याच्या दारात. तिळगूळ माझ्या तळहातावर, तोंडात अजून टाकायचा होता. म्हटलं, "काय ठरलं?"

"अरे, लग्न! विरेनशी. तुला अंदाज असेलच."

मला कसला अंदाज? माझा अंदाज वेगळाच होता. गेली चार वर्षं वेगळाच होता.

विरेन म्हणजे वीरेंद्र धैर्यवान. नावात वीर, आडनावात धैर्य, एका माणसाला एवढं लागतं कशाला? डेहराडूनहून जंगलाचं शिक्षण घेऊन आलेला आणि कचेरीतला माझा साहेब. ही नोकरी मला उर्मिलानंच मिळवून दिली. ऑगस्टात म्हणाली, "माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांना हुशार मुलगा हवाय." ओळखीचे! मी समजलो, मी मार्गाला लागावं म्हणून ही धडपडतेय. एकदा मार्गाला लागलो की पुढचं बोलता येईल. यात माझं काय चुकलं?

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी बसून माझा पाय मोडला, परीक्षा बुडाली, कॉलेज सुटलं ते सुटलंच. तेव्हा आमच्या लालबागच्या खोलीवर संत्री घेऊन कोण आलं होतं? ती. एकटी. 'वर्गातल्या सगळ्यांकडून' असं म्हणाली, पण ते लाजून. सगळ्यांकडून असती तर सगळे आले नसते?

तिळगूळ खाल्ला नाही. चौपाटीपर्यंत चालत गेलो आणि समुद्रात भिरकावला. गोड बोलणं संपलं. या धैर्यवानाला मी खाली ओढीन. कसा ते अजून माहीत नाही. पण तिच्या डोळ्यांदेखत ओढीन. ही वही त्यासाठीच घातली आहे.

१६ जानेवारी, शनिवार

शत्रूचा किल्ला आधी नीट बघून घ्यावा, म्हणून कचेरी लिहून काढतो.

फोर्टात तिसरा मजला. काम जंगल मोजायचं. मोजणारे रानात. ओळीनं चालायचं, प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची, एकानं ओरडायचं, "साग, चार फूट!" "ऐन, तीन फूट!" आणि दुसऱ्यानं कागदावर रेघ मारायची. ते कागद गठ्ठ्यांनी आमच्याकडे येतात. मराठी मुलखातले आमच्या टेबलावर, म्हणजे मी आणि हेडक्लार्क शामराव. गुजराती मुलखातले समोर ठाकोरभाईंच्या टेबलावर. दोन्हीकडच्या बेरजा धैर्यवानाकडे जातात. तो त्यांची मोठी बेरीज करतो आणि त्यावरून ठरवतो, कुठल्या रानातून वर्षाला किती झाडं पाडायची. त्याचं आवडतं वाक्य, "वाढतं तेवढंच तोडायचं. आणि वाढतं किती हे कळायला आधी आहे किती ते कळलं पाहिजे." शामराव याची नक्कल इतकी हुबेहूब करतात! परवा तर साहेब मागे उभा असताना केली. साहेब हसला. हसतो! त्याला रागही येत नाही.

शामराव लोअर परळचे. छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून साहेबानं गुडमॉर्निंग म्हटलं तरी जयभीमच म्हणतात. ठाकोरभाई वलसाडचे. आता राज्याचे दोन तुकडे होणार हे पक्कं झाल्यावर दोघांची रोज जुंपते.

"शामराव, डांग तो गुजरातमाच जाशे."

"न्या ना. बरोबर तिथला मलेरियापण न्या. आम्ही अर्धा ठेवून घेणार नाही."

मग दोघं एकाच कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा पितात. मला या माणसांचं काही कळत नाही. भांडायचं तर नीट भांडावं.

१ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. धैर्यवानाची एक मोठी चूक शोधायची. माणूस एवढ्या बेरजा करतो, कुठेतरी घसरलाच असेल. गेले पंधरा दिवस सगळे घरी गेले तरी मी गठ्ठे सोडून बसतो. कुठल्या झाडाला किती वर्षांत किती घेर येतो, कुठलं तोडल्यावर फुटतं, कुठलं फुटत नाही, सगळं तोंडपाठ झालं. द्वेषानं माणूस एवढा अभ्यासू होतो हे आधी कळलं असतं तर इंटरला पहिल्या वर्गात आलो असतो.

आज धैर्यवान टेबलाशी येऊन म्हणाला, "तुळसकर, तुमच्या बेरजा मला पुन्हा तपासाव्या लागत नाहीत." खांद्यावर हात ठेवला. घरी आल्यावर सदरा धुवायला टाकला.

त्याचा अहवाल जवळजवळ तयार आहे. नाशिक आणि डांगच्या शिवेवरच्या रानात हेद नावाचं झाड उदंड आहे आणि हळदरवो नावाचं आणखी एक झाडही उदंड आहे, असं त्यात म्हटलंय. तेव्हा मार्चपासून दोन्हींची तोड सुरू करायला हरकत नाही. गिरण्यांना लाकूड हवंच आहे.

हेद मला ठाऊक आहे. आमच्या घरात सगळ्यांच्या कपड्यांत त्याचा भुसा असतो. बाबा घोडपदेवला बाबिनीच्या कारखान्यात लाकूड कातायच्या खरादावर आहेत, आणि गिरणीतली सूत गुंडाळायची बाबीन हेदाचीच होते.

८ फेब्रुवारी, सोमवार

चूक सापडत नाही. हा माणूस माणूस आहे की काय!

उर्मिला स्वप्नात आली. संत्र सोलत होती. दुसऱ्या कुणासाठी.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज बाबांनी रे रोडला ओढत नेलं, वखारीत लाकूड बघायला. मी नको म्हणत होतो. "चल रे झिला, घरात थोबाड पाडून बसान काय करतलंस?"

वखार कच्छी शेठची. बाबा म्हणाले, "शेट, हेद दाखव."

"हेद नथी. हळदरवो है. डांग का माल, ले जाव."

"माका हळद नको. हेद होयो."

"अरे बाबा, हळद कौन देता है? हळदरवो! हळ-दर-वो!"

"तां तुझ्या घरात ठेव. आमच्या बाबिनीक हेद लागता."

शेठ वैतागला. एका ओंडक्यावर पाय ठेवून म्हणाला, "ये देख. देख के बोल."

बाबांनी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर थुंकी लावली, अंगठ्यानं घासलं. पिवळंजर्द. हुंगलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो हेदच मरे!"

"तो मैं क्या बोला?"

"तू हळद हळद करी होतंस!"

मग किती वेळ भांडले मला ठाऊक नाही. मला ऐकू येईनासं झालं होतं. हेद म्हणजेच हळदरवो. एकच झाड. मराठी माणसानं मोजलं की हेद आणि गुजराती माणसानं मोजलं की हळदरवो. आणि त्या डेहराडूनच्या शहाण्याच्या अहवालात ही दोन झाडं!

बाबा म्हणाले, "हसतंस कित्याक खुळ्यासारखो?"

१६ फेब्रुवारी, मंगळवार

नुसतं नाव असतं तर एवढं बिघडलं नसतं. आज त्याहून मोठं सापडलं.

आमच्या कागदांत शिवेवरचा एक डोंगर आहे, वाघटेंभा. हेद सगळा त्याच्यावर. ठाकोरभाईंच्या कागदांत डोंगरांना नावं नसतात, नुसते नंबर. हळदरवो सगळा एकाच नंबरावर. मी ठाकोरभाईंना लाडीगोडी लावली, म्हटलं, गुजराती शिकायचंय, जरा वाचून दाखवा.

"शिकून काय करशील? आमी तर चाललो," म्हणाले, पण खूश झाले. बोट ठेवून वाचायला लागले, "पूर्वे नाळुं. माथे वाघदेवनो पथ्थर."

आमच्या कागदावर: पूर्वेला ओढा. माथ्यावर वाघदेवाचा दगड.

सागाचा आकडासुद्धा दोन्हीकडे जवळजवळ तोच. एकच डोंगर! नाशिककडच्यांनी आपला म्हणून मोजला, डांगकडच्यांनी आपला म्हणून मोजला. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे डोंगर दुसऱ्याचा असेल असं कबूल करायचं. आणि धैर्यवान ही मोजणी झाल्यावर इथं आला, त्यानं दोन्ही आकडे घेतले आणि मिळवले. आहेत त्याच्या दुप्पट झाडं कागदावर उभी राहिली. तोडही त्या हिशेबानं. मराठी नावानं एकदा आणि गुजराती नंबरावर एकदा, त्याच डोंगरावर.

सापडला! सापडला! सापडला!

कुणालाही सांगायचं नाही. आज सांगितलं तर तो 'थँक्यू तुळसकर' म्हणून पेन्सिलीनं खोडेल आणि संपलं. अठरा एप्रिलला तो अहवाल वाचणार आहे, बड्या साहेबांसमोर, गिरण्यांच्या लोकांसमोर. उर्मिलालाही बोलावणार म्हणे. तेव्हा उठायचं. तोपर्यंत तोंडाला कुलूप.

३ मार्च, गुरुवार

तोडीचा हुकूम सहीसकट गेला. मीच पाकिटाला डिंक लावला. एक क्षण हात अडखळला. मग सहीकडे बघितलं, वी. धैर्यवान, त्या 'न'ला केवढा झोकदार फाटा! आणि पाकीट दाबून बंद केलं. चूक त्याची. सही त्याची. मी कारकून. कारकुनानं पाकीट बंद करायचं असतं.

६ मार्च, रविवार

उर्मिला भेटली. दादरला खरेदीला आली होती, हाक मारली. माझ्या आवडीची पिवळी साडी. मुद्दाम नेसली असेल का?

"लवू, विरेन घरी आला की सारखा तुझंच बोलतो. तुला डेहराडूनला शिकायला पाठवावं म्हणून वर लिहिणार आहे. कॉलेज पुरं नसलं तरी चालेल असं बघतोय."

"मला दूर पाठवायची घाई झालीय वाटतं त्याला."

"म्हणजे?"

"काही नाही."

ती म्हणाली, "तू पूर्वी असा तिरका बोलायचा नाहीस. सरळ शिव्या द्यायचास." आणि हसून निघून गेली.

त्याचा डाव मला कळतो. मी इथून गेलो की रान मोकळं. डेहराडून! मोठा उपकार करणारा आला.

२० मार्च, रविवार

रे रोडच्या वखारी भरल्या आहेत. बाबांबरोबर गेलो होतो. रस्त्याच्या कडेपर्यंत ओंडके, सालीसकट, अजून ओले. शेठ खुशीत. "तुळसकर, जितना मंगता उतना हळदरवो! ऐसा माल पाच साल में नहीं आया."

बाबा नेहमीसारखे भांडले नाहीत. ओंडक्यांच्या कडेकडेनं चालत गेले. एका बारक्याशा ओंडक्याशी थांबले, दोन्ही हातांनी त्याला कव घातली. बोटं एकमेकांना लागली.

"ह्यो पाडूचो नाय होतो," म्हणाले. "ह्यो पोर मां रे अजून."

"बाबीन होईल ना याची?"

"होतली. पण आणखी धा वर्सांनी पाडलो असतो तर किती झाल्यो असत्यो."

मी म्हटलं, सरकारी हुकूम आहे, साहेबानं विचार करूनच दिला असेल. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

अजून महिना. फक्त एक महिना. वाघटेंभ्यावर एवढं रान आहे, महिन्यात कुठे संपतंय.

२८ मार्च. पाडवा.

शामराव आज विनाकारण म्हणाले, "लवू, तुला काहीतरी सापडलंय. महिनाभर बघतोय, भाकरी लपवून ठेवलेल्या पोरासारखा बसलायस."

"काही नाही शामराव."

"बरं. पण भाकरी शिळी होते, एवढं लक्षात ठेव."

१८ एप्रिल, सोमवार

झालं. सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. तरी नीट क्रमानं लिहितो, कारण एक गोष्ट मला कळलेली नाही.

हॉल भरलेला. भिंतीवर नकाशा. पुढे बडे साहेब, गिरण्यांचे लोक, मागे आम्ही. शेवटच्या रांगेत उर्मिला. धैर्यवान वाचत होता, सावकाश, मास्तरासारखा. शिवेवरच्या रानाशी आला तसा मी उठलो.

"साहेब, एक प्रश्न आहे."

"विचारा तुळसकर." चेहऱ्यावर कौतुक! आपला शिष्य काहीतरी हुशारीचं विचारणार म्हणून.

"हेद आणि हळदरवो यांत फरक काय?"

तो थांबला. ठाकोरभाईंकडे बघितलं. ठाकोरभाई म्हणाले, "हळदरवो तो... पीळुं लाकडुं, साहेब." मी खिशातून बाबांच्या खरादावरचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. "हा हेद. हा हळदरवो. ओळखा कुठला कुठला ते. एकाच ओंडक्याचे आहेत." मागे कुणीतरी हसलं. मग मी सगळं ओकलो. वाघदेवाचा दगड, ओढा, सागाचे आकडे. "इकडच्यांनी आपला म्हणून मोजला, तिकडच्यांनी आपला म्हणून मोजला आणि तुम्ही दोन्ही मिळवलेत! झाडं निम्मी आणि तोड दुप्पट! डेहराडूनला हेच शिकवतात?"

धैर्यवानानं आमचा कागद आणि ठाकोरभाईंचा कागद घेतला, नकाशापाशी गेला, पाठमोरा उभा राहिला. पांढरा पडला असणार, मला दिसलं नाही. वळला तेव्हा म्हणाला, "तुळसकर बरोबर आहेत. चूक माझी. मी डोंगरावर जाऊन बघायला हवं होतं." मग शामरावांना, "आत्ता तार करा. तोड थांबवा."

एवढंच. मला आणखी हवं होतं. त्यानं घाबरावं, दुसऱ्यावर ढकलावं, तिच्या डोळ्यांदेखत लहान व्हावं. तो तसाच उभा. मग त्यानंच विचारलं, "तुळसकर, हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

मी मोठ्यांदा म्हणालो, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं, "सोळा फेब्रुवारीला! तुम्ही दोन महिने खोट्या आकड्यावर सह्या करताय हे मला पहिल्यापासून माहीत होतं!"

मला वाटलं, आता सगळे त्याच्याकडे बघतील.

सगळे माझ्याकडे बघत होते. बडे साहेब, गिरणीवाले, ठाकोरभाई. शामरावांनी खाली मान घातली. धैर्यवान म्हणाला, "म्हणजे तोड सुरू व्हायच्या आधी." ओरडून नाही. तारीख नीट लावून घ्यावी तसं.

ते माझ्याकडे का बघत होते? चूक त्याची, सही त्याची. मी तर चूक दाखवली. दाखवली की नाही?

१९ एप्रिल, मंगळवार

उर्मिला कचेरीखाली उभी होती. मी धावत उतरलो.

"तुला नोकरी दे म्हणून विरेनला सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "हा पोलिसांसमोरून हललेला नाही, हा खोटं बोलणार नाही."

"मी कुठे खोटं बोललो?"

"नाही बोललास. काहीच बोलला नाहीस."

"उर्मिला, हे सगळं मी कुणासाठी केलं ते—"

"माझं नाव नको घेऊस." पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. "मी तुला कधी काय सांगितलं होतं? एक तरी शब्द आठव. एक."

मी आठवायला लागलो. अजून आठवतोय. संत्री आहेत. वह्या आहेत, कॉलेजात तिनं दिलेल्या. शब्द सापडत नाही.

जाताना म्हणाली, "माझ्यावर रागावला होतास तर माझ्याशी भांडायचंस. त्या डोंगरानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

२६ एप्रिल, मंगळवार

धैर्यवानाची बदली चांद्याला. बढती रोखली. त्यानं वर जे लिहिलं त्यात चूक सगळी स्वतःवर घेतली, माझं नाव एका ओळीत: 'ही चूक श्री. तुळसकर यांनी निदर्शनास आणली.' कधी आणली ते लिहिलं नाही.

म्हणजे जिंकलो.

लग्न मात्र ठरलेल्या दिवशीच होणार. उर्मिला चांद्याला चालली.

आज जाताना त्यानं माझ्याशी हात मिळवला नाही. बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मला माणूस वाटला. आणि मग वाईट वाटलं. वाईट वाटलं याचाच राग आला. निघून जातानाही हा माणूस मला नीट सूड घेऊ देत नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार

ठाकोरभाईंचा शेवटचा दिवस. अमदावादला चालले. शामरावांनी बटाटेवडे आणवले. दोघंही नेहमीसारखे भांडले नाहीत, त्यामुळे वडे कुणाच्या घशाखाली उतरेनात. शेवटी शामरावच म्हणाले, "अहो ठाकोरभाई, डांग नेताय तर नीट न्या. तो वाघटेंभा कोणाचा ते राहिलं."

ठाकोरभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "तमे राखो. तेना पर हवे छे शुं?"

तुम्ही ठेवा, त्यावर आता आहे काय! शामराव हसले. मग हसायचे थांबले. ठाकोरभाई मला पाठीवर थाप मारून गेले, पण थाप हलकी होती, आजाऱ्याला मारतात तशी.

१ मे, रविवार

महाराष्ट्र झाला. काल संध्याकाळपासून लालबाग परळ नुसतं पेटलंय, दिवे, फटाके, ढोल. खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईंनी सगळ्या चाळीला साखर वाटली. बाबा रडले. "तुझो पाय वाया नाय गेलो रे," म्हणाले. सगळे मला खांद्यावर घ्यायला बघत होते, छप्पनचा लाठी खाल्लेला म्हणून. मी गच्चीवर पळून गेलो.

हा दिवस मी चार वर्षं डोळ्यांसमोर आणत होतो. त्यात उर्मिला गुलाल घेऊन यायची. इतर काय असायचं ते आठवत नाही. आज गच्चीवरून बघितलं तर सगळं होतं. मीच नव्हतो.

गच्चीच्या कोपऱ्यात कुणीतरी होळीचं उरलेलं लाकूड रचून ठेवलंय. हेद आहे का बघायला वाकलो. आंब्याचं होतं.

९ मे, सोमवार

नवे साहेब आज आले. टोपी काढली, पंखा मोठा केला, म्हणाले, "वाघटेंभ्याची ती भानगड आज मिटवून टाकू. दोनदा मोजलाय ना? मग आकडा निम्मा करा. झालं बरोबर."

शामरावांनी पेन उचललं. सोपं होतं. निम्मा केला की कागद स्वच्छ. पुढच्या दहा वर्षांची तोड त्या निम्म्यावरून ठरणार. कुणालाही काही कळणार नाही.

माझं डोकं असं भडकलं म्हणता! धैर्यवानावर सुद्धा एवढं कधी भडकलं नव्हतं. धैर्यवान चुकला, पण चुकायच्या आधी त्यानं बेरीज तरी केली होती. हा माणूस पंख्याखाली बसून डोंगर निम्मा करतोय.

"निम्मा नाही साहेब," मी म्हणालो. उठलो ते बाक मागे पडलं. "निम्म्यातून तोड वजा करावी लागेल."

"कसली तोड?"

शामराव माझ्याकडे न बघता पुटपुटले, "लवू, बस खाली."

"मार्चपासून अठरा एप्रिलपर्यंतची. दुप्पट हुकूम होता, त्याच डोंगरावर. ती झाडं आता निम्म्यातही नाहीत."

"मग थांबवली का नाही कोणी?"

"मला माहीत होतं. मी बोललो नाही."

नव्या साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अच्छा. ते तुम्ही." सगळ्या कचेऱ्यांत पसरलंय तर. "बरं, किती पडली?"

"ठेकेदाराच्या कागदावर आहे तो आकडा खरा नाही. बारकी झाडं त्यानं धरलेली नाहीत, ती मी रे रोडला पडलेली बघितली. मागे उरलेले बुंधे मोजल्याशिवाय कळायचं नाही."

"मे महिन्यात? डांगाच्या शिवेवर? कोण जाणार तिथं बुंधे मोजायला?"

"मी."

"तिकडे मलेरिया आहे. आणि डोंगर आपल्याकडे राहतो की नाही हेही अजून—"

"कोणाकडेही राहू दे. मोजायला तर लागेलच."

साहेब माझ्याकडे आणि शामरावांकडे आलटून पालटून बघत राहिले. मग म्हणाले, "जा बाबा. माझ्या डोक्याची कटकट जाईल." शामरावांनी पेन खाली ठेवलं. टोपण लावलं. आकड्याची जागा कोरी राहिली.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "एकटो? रानात? तुका शेळयेचो भेव वाटता." मग उठून ट्रंकेतून त्यांची जाड चादर काढून माझ्या पिशवीत कोंबली, तीही रागावल्यासारखी.

परवा पहाटे निघायचं. पाऊस पडायच्या आत परत आलं पाहिजे, नंतर फुटव्यांत बुंधे झाकून जातील आणि मोजणी बिघडेल. ज्या बुंध्याला फुटवा येईलसं दिसतं त्याचा वेगळा आणि ज्याला येणार नाही त्याचा वेगळा रकाना करीन. मधल्या उतारावर काही उरलंय का तेही बघीन. ठाकोरभाईंना अमदावादला विचारीन, त्यांच्या माणसांनी कुठल्या वाटेनं मोजलं होतं. दोन्ही नावं लिहीन, हेद आणि हळदरवो, प्रत्येक ओळीत, म्हणजे पुढं कुणी गाढव फसायला नको.

उर्मिलाला काही कळवायचं नाही. तिच्याशी माझा संबंध संपला.

पण आकडा आला की एक प्रत चांद्याला पाठवीन, त्या धैर्यवानाला. म्हणावं, काढ यात चूक. हिंमत असेल तर एक तरी काढून दाखव.